डब्यातले वड-पिंपळ

आमच्या शहरात पिंपळ लावावा लागत नाही, तो आपणहून टाकीवर येतो. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत, म्हणून प्रत्येक घरावर गरजेपेक्षा मोठी टाकी. टाकी म्हणलं की कुठंतरी झिरपणार, झिरपलं की ओल राहणार, ओलीवर पाखरं बसणार आणि त्यांनी कुठून कुठून खाल्लेलं बी तिथंच पडणार. मे महिन्यात खाली कुंडीतली तुळस माना टाकते, आणि वर सिमेंटच्या फटीतून हे बेणं तांबूस पानं हलवत उभं असतं. ना खत, ना माती. मी जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं, तरी ते बघितलं की मला अजून हसू येतं. काय चिवट जात आहे!

मला हसू यायचं, आमचे हे मात्र घाबरून जायचे. पिंपळ ठेवला तर टाकीला तडा, उपटला तर पाप. त्यात पिंपळावर मुंजा असतो, हे लहानपणी कुणीतरी त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसवलंय की बँकेतली नोकरी, बायकोचं शास्त्र, कशानंही ते हललं नाही. गच्चीवर जायचे, रोपासमोर हात जोडायचे आणि तसेच खाली यायचे. "अगं, चाचांना सांगतेस का जरा?" मी म्हणायचे, "त्यात काय, मीच उपटते की." तर म्हणे, "नको नको, तू घरातलीच ना. चाचांनाच सांग."

चाचा म्हणजे मागच्या गल्लीतले, उर्दू शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, बोलताना मान थोडी तिरपी. हिंदूच्या घरावर वड, पिंपळ, उंबर उगवला की तो घरच्यानं काढायचा नाही, मुसलमान शेजाऱ्याला बोलवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यांच्यात झाडाला देव मानत नाहीत, म्हणजे त्यांना पाप लागत नाही, असा सगळ्यांच्या सोयीचा विचार. चाचा कधी नाही म्हणाले नाहीत. एक जुना स्क्रूड्रायव्हर, खुरपं आणि ओलं फडकं घेऊन यायचे. फटीत आधी पाणी सोडायचे, मग मुळाभोवती हळूहळू टोकरत बसायचे. आमचे हे तेवढा वेळ जिन्यात हात जोडून उभे. रोप निघालं की चाचा ते फडक्यात गुंडाळायचे, खाली येऊन चहा घ्यायचे, "मॅडम, साखर कमी पडली" म्हणायचे आणि जायचे. ते रोप पुढं नाल्यात जात असणार असं मी धरून चालले होते. विचारावं असं कधी मनातही आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर सोलर बसवलं. वीजबिलाचं बरं झालं, पण कुरडया वाळवायला जागा उरली नाही. आणि कुरडया विकतच्या आणायच्या म्हणजे माझ्या जिवावर येतं. म्हणून गव्हाचा चीक शिजवून घेतला आणि पातेलं, सोऱ्या, साड्या असं सगळं उचलून चाचांच्या घरी गेले. चाची दारातच. त्यांचे गुडघे धरलेत, त्यामुळं त्या वर चढत नाहीत. मी म्हणलं, "चाची, तुमच्या गच्चीवर दोन दिवस कुरडया घालू का?"

"नक्को भाभी," चाची म्हणाल्या, "ऊपर कायकू जाते? ऊपर धूपच नहीं."

मला वाटलं, नाही म्हणायचं आहे तर सरळ म्हणावं. मे महिना, डोक्यावर सूर्य, रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय, आणि म्हणे गच्चीवर ऊन नाही! मी पण हट्टी. "बघते तरी," म्हणलं आणि पातेलं कमरेवर घेऊन चढले.

वरचं दार उघडलं आणि अंगावर गार वारा आला. खोटं सांगत नाही. गच्चीभर तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटके हौद, आणि त्यांच्यात वड, पिंपळ, उंबर. काही गुडघ्याएवढे, काही माझ्या डोक्यावरून गेलेले. एका वडाला सुतासारख्या बारीक पारंब्या फुटल्या होत्या. पाण्याची परात ठेवली होती, तिच्यात बुलबुल अंघोळ करत होते आणि मला बघून हलायचं नाव घेत नव्हते. मधोमध बाजेवर चाचा बनियनवर पेपर वाचत पडलेले. मला बघून एवढे गडबडले की कुडता उलटा घातला.

"चाचा," मी म्हणलं, "हे काय आहे सगळं?"

"तुमचंच आहे," ते म्हणाले. मग मान तिरपी करून एकेक दाखवायला लागले. "हा डॉक्टरांच्या टाकीवरचा. हा कोपऱ्यावरच्या दुकानाच्या छज्ज्यातला. हे उंबर तुमच्या वसाहतीच्या अध्यक्षांच्या बाथरूमच्या पाइपातून निघालं, लई त्रास दिला त्यानं. आणि हा तुमचा." आमचा पिंपळ अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये होता आणि सगळ्यांत उंच होता.

"म्हणजे तुम्ही एकही टाकलं नाही?"

"कसं टाकणार? मॅडम, तुम्ही शास्त्रवाल्या, तुम्हीच सांगा. तुमच्या हातानं मेलं तर पाप. मग माझ्या हातानं मेलं तर काय ते जिवंत राहतं?"

हसत म्हणाले, टोमणा नव्हता. पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं आमच्या दोन गल्ल्यांनी आपलं पाप या माणसाच्या हातात देऊन वर चहा पाजला होता, आणि तो बिचारा एकेक जीव फडक्यात गुंडाळून घरी आणत होता. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग सगळ्या वसाहतीचा राग आला. कुरडया तिथं घातल्या नाहीत. वाळल्याच नसत्या. चीक घरी परत आणला आणि दूध-गूळ घालून दोघांनी दोन दिवस तोच खाल्ला.

त्यानंतर मी दुपारची वर जायला लागले. घरी कूलरला घालायला पाणी नसायचं, पंखा गरम हवा फिरवायचा, आणि तिथं त्या डब्यांच्या मध्ये माणूस सुखानं बसायचा. झाडांना पाणी कुठून आणता, विचारलं. चाचा म्हणाले, भांड्याचं, तांदळाचं, नमाजाआधीच्या वजूचं, सगळं वर येतं. आणि नळाला नवं पाणी आलं की आपल्याकडं लोक भरलेल्या टाक्यांतलं 'शिळं' पाणी रस्त्यावर ओतून देतात, ते चाचा घरोघरी जाऊन बादलीनं मागून आणायचे. पाणी काय भाकरी आहे का शिळं व्हायला! पण वसाहतीतला एकही माणूस पाणी शिळं होत नाही हे मानायला तयार नाही, त्यामुळं झाडांचं भागत होतं. गणितवाले आणि शास्त्रवाल्या, आम्ही दोघं तिथं बसून कैरीचं पन्हं पीत लोकांची निंदा करायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एक दिवस चाचा बाजेवर पेपर न उघडता बसलेले दिसले. मुलगा वर मजला चढवणार होता. मुलगा शेंद्र्याच्या बाजूला कंपनीत आहे, गुणी आहे, दोन लेकरं मोठी झाली, खाली दोनच खोल्या. त्याचं काही चुकत नव्हतं. बकरी ईद झाली की मिस्त्री येणार, डबे हलवावे लागणार. मुलगा म्हणाला होता, "अब्बा, टेम्पो सांगतो, कुठं न्यायचे तेवढं सांगा." आणि तेच तर चाचांना माहीत नव्हतं. "मॅडम, एकही मरता कामा नये," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं एक मरू दिलं नाही. आता शेवटी नाल्यात टाकायचे तर तेव्हाच टाकले असते." चाची खालून ओरडल्या, नीचे का कमरा इन झाडोंकी वजह से ठंडा रहता, मजला झाला की भट्टी होईल. चाचांचं म्हणणं एकच. पोराला खोली लागणार ती लागणारच.

चाचा आधी एकटेच फिरले. ज्यांच्या घरावरून रोप काढलं होतं त्यांच्या दारात गेले. सगळे पाया पडायला तयार, पण "आमच्या दारात नको हो चाचा." वड पसरतो, पिंपळाला मुंजा, उंबराखाली चिखल. देव आहे, पण दुसऱ्याच्या अंगणात बरा. ऐकून माझ्या डोक्याची शीर तडकली. मी म्हणलं, चाचा, तुम्ही घरी बसा, आता मी बघते. शाळेत वात्रट वर्ग सांभाळलेत मी.

उंबरांचं सोपं निघालं. दत्ताच्या देवळाच्या पुजाऱ्याला नुसतं सांगितलं, औदुंबर आहेत, तयार आहेत, फुकट आहेत. तो स्वतः हातगाडी घेऊन आला. अध्यक्षांच्या पाइपातलं उंबर आता देवळाच्या मागं आहे आणि अध्यक्ष दर गुरुवारी त्याला नमस्कार करतात.

वडांसाठी मी बायकांकडं गेले. संध्याकाळी आमच्या ओपन स्पेसवर सगळ्या जमतात. ओपन स्पेस म्हणजे लेआउटमधली मोकळी जागा, फक्त मोकळी राहिलेली नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गट्टू बसवलेले, सिमेंटचे लाल-पिवळे. दिसायला छान. दिवसभर तापायचे आणि दिवेलागणीलाही पायाला चटका द्यायचे. पाऊस पडला की थेंब आत जायचा नाही, सगळं पाणी खालच्या घरांत. तिथल्या बाकावर बसून मी म्हणलं, "काय गं, वटपौर्णिमा आली. औरंगपुऱ्याच्या बाजारातून फांद्या आणणार ना?"

"आणाव्याच लागतात, जवळ वड कुठंय?" एक म्हणाली.

"अगं पण नवऱ्यासाठी आयुष्य मागायचं आणि त्यासाठी वडाचेच हातपाय तोडून आणायचे, त्याला काय वाटत असेल?"

"मॅडम, तुम्ही म्हणजे ना!" पण हसू आवरेना कुणाला. मग मी सांगितलं की मागच्या गल्लीत अख्खे वड आहेत, मुळासकट, आणि ते तुमच्याच घरांवरचे आहेत. मग दुकानवाली म्हणाली, "आमच्या छज्ज्यातला पण?" तो पण, म्हणलं. "बया! जिवंत आहे?" डोळ्यात पाणीच आलं तिच्या. सासऱ्यांनी फार घाबरून काढायला लावला होता म्हणे, आणि नंतर वर्षभर घरात कुणाला शिंक आली तरी त्या वडाचं नाव निघायचं.

दुसऱ्या दिवशी बायकांची रांग चाचांच्या जिन्यात. चाचींच्या घरात इतकी वर्दळ ईदलाही झाली नसेल. प्रत्येकीला आपलं झाड बघायचं होतं. चाचा या वेळी कुडता सरळ घालून तयार होते.

वड ओपन स्पेसवर लावायचे म्हणताच अध्यक्षांनी आडवेढे घेतले. गट्टू नवे आहेत, उखडले तर वाईट दिसेल, मुळं पसरतील, मीटिंग घ्यावी लागेल. बायका म्हणाल्या, घ्या ना मीटिंग, तोवर वड तुमच्या पोर्चमध्ये ठेवतो आणि वटपौर्णिमा तिथंच करतो सगळ्या मिळून. संध्याकाळपर्यंत गट्टू काढणारे दोघं हजर झाले. गट्टू निघाले आणि खाली काळी माती निघाली, कोरडी ठणठणीत. त्या दिवशी पाण्याचा वार होता. सगळ्यांच्या टाक्यांतलं शिळं पाणी त्या खड्ड्यांत आलं आणि मातीनं ते आवाज करत पिऊन टाकलं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो.

वटपौर्णिमेला बायका नटूनथटून, नथी घालून आल्या. वड माणसाएवढेच, त्यामुळं फेरे मारताना एकमेकींना धक्के. चाची प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सरबत वाटत होत्या, उपासाला चालतं का हे आधी तीनदा विचारून. आणि चाचा जिवाच्या आकांतानं प्रत्येकीला सांगत फिरत होते, "बेटा, धागा जरा सैल. अजून कोवळा आहे, गळा आवळेल त्याचा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर चाचा एकटेच बसून सगळं सूत ब्लेडनं हळूच मोकळं करत होते. मी पण शेजारी बसून दुसऱ्या वडाचं सोडायला लागले.

राहिले पिंपळ. एक करमाडच्या शाळेनं नेला, तिथं माझी जुनी विद्यार्थिनी बाई आहे. दोन दौलताबादला गेले, आमच्या दूधवाल्याच्या मळ्याच्या बांधावर. शेवटी एकच उरला, आमचा, आणि तोच सगळ्यांत मोठा. त्याच्या मुळांनी निळा ड्रम खालून फोडला होता. लांब न्यायचा तर टेम्पोत मुळं तुटणार, असं चाचांना वाटत होतं आणि मलाही. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला होता. सळया दारात पडल्या होत्या. मुलगा बिचारा रोज कंपनीतून आला की पिंपळाकडं बघायचा आणि खाली जायचा.

जागा होती. आमच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडून, नाल्याच्या भिंतीलगत एक पट्टा आहे, तिथं गट्टू नाहीत, गवत आणि कचरा. घरापासून बऱ्यापैकी लांब, भिंतीला धोका नाही, आणि नाल्याची ओल आयती. शास्त्राच्या दृष्टीनं उत्तम. पण आमच्या बैठकीच्या खिडकीतून समोर दुसरं काही दिसत नाही, तेवढंच दिसतं. मी विषय काढला तर ह्यांनी आधी खिडकी लावून घेतली. "रोज सकाळी उठून मुंज्याचं तोंड बघायचं?" "मुंजा नसतो हो." "तुझ्या पुस्तकात नसतो." माझी सहनशक्ती संपली. म्हणलं, "मग तुम्हीच जा आणि चाचांना तोंडावर सांगा. मी निरोप्या नाही." आणि भांडी आपटायला लागले.

माणूस भिडस्त. नाही म्हणायला म्हणून दुपारी जेवण करून चाचांकडं गेले. एक तास झाला, दीड झाला, पत्ता नाही. मला काळजी वाटायला लागली, उन्हात कुठं चक्कर बिक्कर आली की काय. गेले तर चाची ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू. साहेब सोये हैं." वर जाऊन बघते तर रिकाम्या झालेल्या गच्चीवर एकट्या पिंपळाखाली ती बाज, बाजेवर आमचे हे तोंड उघडं टाकून घोरत पडलेले. अंगावर पानांच्या सावल्या हलत होत्या. चाचा कठड्याच्या सावलीला बसून त्यांच्यासाठी माशा वारत होते. मला बघून कुजबुजले, "सांगायला काहीतरी आले होते. म्हणलं, आधी बसा. बसले, मग आडवे झाले."

"मुंज्याचं बोलले का?"

"बोलले. मी म्हणलं, साहेब, असता तर इतकी वर्षं माझ्या उशाशी होता, एखाद्या दिवशी तरी गणित सोडवायला बसला असता."

मी तोंडात पदर कोंबून हसले. हे उठले, डोळे चोळले, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर घरी आले. चहा पिताना म्हणाले, "खड्डा किती खोल लागेल गं?" इतका आनंद मला त्यांच्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

सकाळी ऊन चढायच्या आत पिंपळ उतरवला. चाचींनी आपली जुनी ओढणी दिली, तिनं फांद्या बांधल्या. चाचांचा मुलगा रात्रपाळी करून आला होता, तसाच युनिफॉर्मवर, त्यानं आणि गल्लीतल्या तिघांनी ड्रम धरला. जिन्यात दोनदा अडकला. चाचा मागून "आहिस्ता, आहिस्ता" करत होते, आवाज चढला होता त्यांचा. खाली अर्धी वसाहत जमलेली, कुणी हळदकुंकू घेऊन, कुणी नुसता मोबाइल. नाल्याकडेला खड्डा तयार होता. तो ह्यांनी स्वतः माणूस उभा करून खणून घेतला होता आणि त्यात शेणखत घातलं होतं, मला न विचारता.

ड्रम कापला. मुळं गोल गोल गुंडाळलेली, ती चाचांनी बोटांनी सोडवली. पिंपळ खड्ड्यात उभा केला. हे माती लोटायला लागले, आधी फावड्यानं, मग खाली बसून दोन्ही हातांनी. इतकी वर्षं या झाडाला बोट लावलं नव्हतं त्यांनी. चाचा खोड धरून उभे होते, सरळ राहावं म्हणून. माती भरली, पाणी घातलं, पायानं दाबून झालं. झाड पक्कं बसलं होतं. चाचांनी हात काढला नाही.

"साहेब," ते म्हणाले, "आता उद्या पानं गटारात पडतील, मुळं वर येतील, कुणी म्हणेल घरासमोर नको. तर हे काढायला मला बोलवायचं नाही हां. मी येणार नाही."

हसतच म्हणाले ते, पण कुणी हसलं नाही. आमचे हे हाताची माती तशीच घेऊन उठले. म्हणाले, "नाही बोलवणार चाचा. आणि दुसरा कुणी काढायला आला, तर दारात मी उभा आहे."

चाचांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग खोडावरचा हात काढला.